केमो चालू असताना उपास करावा का? वाल्टर लाँगोंचं संशोधन आणि आमच्या आण्णांचं ताट

कृष्णाकाठची_लेक, सांगली

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला मला तीन महिने लागले. चूक माझी होती, म्हणून लिहायचा धीर होत नव्हता. पण गेल्या आठवड्यात केमोच्या वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्या मावशींची सून मला तोच व्हिडिओ दाखवायला लागली, तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

आमचे आण्णा, वय ७१. गाव पलूस तालुक्यात, सध्या माझ्याकडे विश्रामबागेत असतात. दिवाळीनंतर मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मिरजेत ऑपरेशन झालं आणि मग केमो: दर २१ दिवसांनी सलाईनमधून ऑक्झालिप्लाटिन, त्यानंतर १४ दिवस घरी गोळ्या. अशा आठ फेऱ्या. पहिल्याच फेरीनंतर तोंडाची चव गेली. "पितळ चाटल्यागत लागतंय गं," म्हणायचे.

त्याच दिवसांत पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. केमोच्या आधी तीन दिवस उपाशी राहिलं की चांगल्या पेशी वाचतात, औषध फक्त कॅन्सरच्या पेशींना लागतं, असं त्यात होतं. सांगणारा कुणी बाबा-बुवा नव्हता. नाव घेतलं होतं वाल्टर लाँगो यांचं. मी शोधलं. माणूस खराच शास्त्रज्ञ. जन्म इटलीत जेनोआचा, अमेरिकेत साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वार्धक्य आणि आहार यांवर संशोधन. मला तेवढं पुरलं.

आण्णा माळकरी. "एकादशीची सवय हाय मला, तीन दिवसाचं काय एवढं," म्हणाले. तीन दिवस गरम पाणी, लिंबू आणि पातळ कढण. चौथ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलला निघताना चप्पल घालायला वाकले आणि उंबऱ्यावरच बसले. उठताच येईना. वजन केलं तर ५१ किलो. ऑपरेशनच्या आधी ५८ होतं. डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली. "उपाशी राहायला कुणी सांगितलं?" विचारल्यावर आण्णा म्हणाले, "माझं मीच केलं." मी शेजारी उभी होते.

घरी आल्यावर मी त्या माणसाचं संशोधन नीट, शेवटपर्यंत वाचलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, इंग्रजीतले शोधनिबंध वाचायला वेळ लागतो पण जमतं. जे कळलं ते लिहिते.

मूळ कल्पना खोटी नाही. २००८ साली लाँगोंच्या गटाने उंदरांवर प्रयोग केला. दोन-अडीच दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांनी केमोचा जबर डोस सोसला, पोटभर खाल्लेले त्यांच्यातले बरेच मेले. कारण असं मांडलं जातं: अन्न आटलं की निरोगी पेशी वाढायचं थांबवतात आणि स्वतःच्या डागडुजीला लागतात. आपल्या जत-आटपाडीकडचा शेतकरी पाऊस नसला की बी मातीत टाकत नाही, बांध नीट करतो, तसं. कॅन्सरच्या पेशीला हे शहाणपण नसतं. तिचा वाढीचा खटका अडकलेला असतो, दुष्काळातही ती पेरतच राहते, आणि औषध नेमकं वाढणाऱ्या पेशीला गाठतं.

त्यांचं दुसरं काम इक्वेडोरमधल्या बुटक्या माणसांचं आहे. लॅरॉन सिंड्रोम म्हणतात त्याला. वाढीचं संप्रेरक शरीरात असतं पण पेशीला ते ऐकूच येत नाही, त्यामुळे आयजीएफ-१ हे वाढीचं रसायन फार कमी बनतं. अशा ९९ जणांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं होतं, निबंध २०११ सालचा. मधुमेह एकालाही नाही, कॅन्सर फक्त एकाला आणि तोही जीवघेणा नाही. त्याच घरांतल्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांमध्ये मात्र १७ टक्क्यांना कॅन्सर. जेवणातली प्रथिनं कमी केली की हे आयजीएफ-१ उतरतं, म्हणून प्रथिनं कमी खा, असा सल्ला त्यातून निघाला.

व्हिडिओ इथेच संपतो. संशोधन पुढे जातं. २०१४ साली त्यांच्याच गटाने पन्नाशीपुढच्या ६,३८१ अमेरिकन लोकांची माहिती तपासली. ५० ते ६५ वयात भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरने मरण्याचं प्रमाण कमी प्रथिनं खाणाऱ्यांच्या चौपट निघालं. प्रथिनं डाळी-कडधान्यांची असली तर हा धोका पुष्कळ उतरत होता. पण ६५ च्या पुढे चित्र उलटं. जास्त प्रथिनं खाणारे म्हातारे कमी दगावले, कॅन्सरनेसुद्धा. म्हातारपणी आयजीएफ-१ आपसूकच उतरलेलं असतं, स्नायू झिजत असतात, तिथे आणखी कमी करून काय साधणार? लाँगो स्वतः सांगतात की ६५ नंतर प्रथिनं थोडी वाढवा आणि वजन घटू देऊ नका.

आण्णा ७१ चे. मी त्यांना ५० वर्षांच्या माणसाचा सल्ला लावला. तोसुद्धा निरोगी माणसाचा.

कुणाच्या घरी असं काही झालंय का? आणि अंडी-मांस न खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं द्यायची तरी कशी?

---

वारणाकाठ, इस्लामपूर

ताई, आण्णांनी तुमच्यावर येऊ दिलं नाही, हे वाचून गलबलून आलं. माझी बायको ४६ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर, गेल्या वर्षी उपचार संपले. आम्हीही उपासाचं विचारलं होतं. आमच्या डॉक्टरांनी हाकलून न देता नेदरलँड्सच्या एका चाचणीची गोष्ट सांगितली. तिचं नाव 'डायरेक्ट', निकाल २०२० मध्ये आले. स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ बायका. निम्म्यांना केमोच्या आधी तीन दिवस आणि केमोच्या दिवशी उपासासारखा, फार थोड्या उष्मांकाचा आहार, बाकीच्यांना नेहमीचं जेवण. उपासवाल्यांमध्ये गाठ बरीचशी विरघळण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण गाठ पूर्ण नाहीशी होण्यात फरक नव्हता. त्रासही फारसा वेगळा नव्हता. उपासवाल्यांना उलटी थांबवायचं स्टिरॉइड दिलं नव्हतं, तरी त्रास वाढला नाही, एवढं त्यांच्या बाजूने.

डॉक्टरांनी दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या. एक, सगळ्या फेऱ्यांत तो आहार पाळू शकल्या त्या पाचात एक बाई. दुसरं, मधुमेह असलेल्यांना आणि मुळात बारीक असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. आपल्याकडे साठीपुढच्या दहा माणसांत साखर नसलेली किती निघतील?

बायकोने उपास केला नाही. तीन वेळ जेवली आणि चालली.

---

आहारमित्र_मिरज

मी आहारतज्ज्ञ आहे, कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करते. ताई, तुमच्या चुकीत निम्मी चूक आमच्या व्यवस्थेची आहे. केमो सुरू करताना रक्त तपासतात, औषधं समजावतात, पण "काय आणि किती खायचं" याला दोन मिनिटंही मिळत नाहीत. ती रिकामी जागा मग व्हिडिओ भरतात.

आधी वजनाचं. ५८ वरून ५१ म्हणजे १२ टक्के. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं तर त्याला आम्ही कॅशेक्सिया मानतो. ही नुसती उपासमार नसते. रोगाच्या दाहामुळे शरीर स्वतःचेच स्नायू जाळत असतं. अशा माणसाने आणखी उपास करणं म्हणजे पेटलेल्या गंजीला वारा घालणं. आणि स्नायू कमी झालेल्या माणसाला केमोचा त्रास जास्त होतो, मग डोस कमी करावा लागतो किंवा पुढे जातो. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वापरतो. कॅन्सरच्या रुग्णाला रोज वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे एक ग्रॅमच्या वर, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. आण्णांना साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या.

आता आपल्या घरात सगळ्यांचा गैरसमज असतो तो आमटीचा. पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते चार चमचे, प्रथिनं चार-पाच ग्रॅम. भाकरीत तीन-चार ग्रॅम. दोन भाकऱ्या, आमटी, भाजी आणि भात असं पोटभर जेवलेल्या माणसालाही पंधरा ग्रॅम मिळणं मुश्कील. म्हशीच्या दुधाच्या पेल्यात सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. आमटी घट्ट करा, जिला चमचा लागतो अशी. भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ मिसळा, पाच वाट्यांना एक. भाजीवर दाण्याचा कूट सढळ टाका. एका जेवणात सगळं कोंबू नका, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं.

आणि रोज चालणं, खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. नुसत्या खाण्याने म्हातारा स्नायू भरत नाही, त्याला काम द्यावं लागतं.

---

हळदबाजार

आमचा तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. हरिपूरच्या पेवांतली हळद बघत मोठा झालो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले होते. त्यामुळे मी सांगतो ते हळदीच्या द्वेषातून नाही. आठवड्याला एक तरी माणूस कॅन्सरसाठी हळद मागायला येतो. कुणी रोज चार चमचे फक्की मारतो, कुणी अर्काच्या गोळ्या आणतो.

माझ्या वहिनी औषधनिर्माणशास्त्र शिकवतात. त्यांचं म्हणणं, हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं, पण पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. तो ते शोषून घ्यायला लावतो, पण सोबत इतर औषधांचं पचनही बिघडवू शकतो. अशा जास्त ताकदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद खुशाल खा. गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लपवू नका.

---

शिवारातला, विटा

साखरेचं काय? आमच्याकडे आईला गर्भाशयाचा कॅन्सर आहे. सगळ्या पाहुण्यांनी सांगितलं, साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य, गूळसुद्धा देऊ नका. तिला चहा बिनसाखरेचा जात नाही, म्हणून तिने चहाच सोडला. सकाळी नुसती बसून असते.

---

आहारमित्र_मिरज

@शिवारातला, आईंना चहा द्या, साखर घालून. मधुमेह नसेल तर आजच द्या.

ही समजूत कुठून आली ते सांगते. ऑटो वॉरबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पाहिलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार खातात. ते खरंच आहे, पेट स्कॅन ही गाठ शोधायची तपासणी त्यावरच चालते. ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात आणि गाठ ते ओढून घेते म्हणून ती चमकते. पण ताटातली साखर बंद केली म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती बनवत राहतं, आणि कशातून? स्नायूंतल्या प्रथिनांतून. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, आईंच्या मांड्या आणि दंड झिजतात. थंड पेयं, मिठाई रोज नको, ते तर कुणालाच नको. पण चहातल्या चमचाभर साखरेसाठी माणसाची सकाळ हिरावून घेऊ नका.

---

निवृत्त_मास्तर, सातारा

माझं वय ६८. कॅन्सर वगैरे काही नाही, रोज अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत जातो. दीर्घायुष्याचे व्हिडिओ पाहून वर्षभर एकवेळ जेवतोय, बाकी २३ तास काही नाही. वजन नऊ किलोंनी उतरलं, सगळे कौतुक करतात. पण हल्ली शेवटची चढण चढताना पाय थरथरतात. हा धागा वाचून शंका आली. लाँगो तर उपवासाचे पुरस्कर्ते ना?

---

कृष्णाकाठची_लेक

काका, मी डॉक्टर नाही, वाचलेलं सांगते. रोजच्यासाठी लाँगो बारा तासांचं अंतर सुचवतात. रात्री आठला जेवलात तर सकाळी आठला नाश्ता. आपल्या आजोबांच्या पिढीचं होतं तेच. त्यांनी तयार केलेला पाच दिवसांचा उपासासारखा आहार वेगळा, तो अधूनमधून करायचा असतो. आणि हेही सांगायला हवं की त्या आहाराची खोकी विकणारी कंपनी त्यांनीच स्थापन केली आहे, त्यांच्या निबंधांच्या शेवटी ही नोंद असते. म्हणून संशोधन खोटं ठरत नाही, पण वाचताना ते लक्षात ठेवावं.

पाय थरथरतात हे मात्र अंगावर काढू नका. एवढं वजन का उतरलं ते तपासून घ्या, रक्तही तपासा. आण्णांचेही आधी पायच थरथरले होते. मी त्याला अशक्तपणा म्हणून सोडून दिलं.

---

नांद्रेकर_पाटील

आम्ही जैन. आई ७०, केमो चालू. रात्रीचं जेवण नाही, अंडं नाही, कंदमुळं नाहीत. दशलक्षण पर्वात तिला दहा दिवस एकभुक्त करायचं होतं. आमचं ती ऐकेना. शेवटी तिला महाराजांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, औषध चालू असताना शरीर सांभाळणं हाच तुमचा नियम, तप बरं झाल्यावर. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दुसऱ्या दिवसापासून दूध घेतलं. ज्यांच्या घरी श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनी वाद घालण्यापेक्षा ज्यांचा शब्द चालतो त्यांच्याकडे न्यावं.

सूर्यास्ताआधीच्या जेवणाचं कसं जमवायचं, @आहारमित्र_मिरज?

---

आहारमित्र_मिरज

दादा, सहा वेळचं खाणं सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहामध्ये बसतं. शेवटचं सगळ्यात घट्ट असू द्या: पनीर, मुगाचं धिरडं, दूध. सकाळी उजाडल्या उजाडल्या काहीतरी पोटात जायला हवं, देवदर्शन होईपर्यंत थांबू नका.

आणखी एक, सगळ्यांसाठी. भूकच लागत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर उपाय आहेत. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत कॅन्सरच्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ओलान्झापिन नावाचं जुनं, स्वस्त औषध अगदी छोट्या मात्रेत, २.५ मिलिग्रॅम, रोज दिलं. औषध घेतलेल्यांत ६० टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, न घेतलेल्यांत फक्त ९ टक्क्यांचं. हे मानसिक आजारांसाठीचं औषध आहे, झोप येते, साखर वाढू शकते, त्यामुळे दुकानातून परस्पर आणू नका. पण "भूक नाही, केमो म्हटल्यावर असणारच" म्हणून गप्प बसू नका. आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर झालेलं हे काम कुठल्या व्हिडिओत येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

शिवारातला, विटा

आज आईला चहा दिला. दोन कप प्यायली. दुसऱ्या कपात चपाती बुडवून खाल्ली. बाकी काय लिहू.

---

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. नांद्रेकर दादा, तुमचं वाचून मी आण्णांच्या दिंडीच्या विणेकरी बुवांना घरी बोलावलं. अंड्याचा विषय आम्ही काढलाच नाही, पण एकादशीचा काढला. साबुदाणा आणि वरीत प्रथिनं जवळजवळ नाहीत, म्हणून आता एकादशीला राजगिरा, दाण्याची आमटी, दूध आणि पनीर. बुवांनी मान्य केलं, आण्णांनीही.

आज सहावी फेरी झाली. वजन ५३.४. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच लेंग्यावर करतो. दुसऱ्या फेरीच्या वेळी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं होतं, आता त्याच्या आधीच्या भोकात बसतो. जेवताना अर्धी भाकरी ताटाखाली दडपून ठेवायचे, मला दिसू नये म्हणून. आता मी अर्धीच वाढते आणि दीड तासाने पुन्हा काहीतरी देते. चमचा स्टीलचा होता तो लाकडी केला, पितळेची चव निम्मी झाली म्हणतात. ऑक्झालिप्लाटिनमुळे थंड काही चालत नाही, फ्रिजमधला पेला हातात घेतला तरी झिणझिण्या येतात. म्हणून ताक, दही सगळं बाहेरचंच.

सकाळी आण्णांना मी माडगं देते, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. दोघी-तिघींनी त्याचं विचारलं, ते लिहिते. आण्णांना सगळ्यात जास्त तेच जातं. हुलगे मंद आचेवर खमंग भाजायचे, गिरणीतून जरा भरडच दळून आणायचे. सकाळी तीन चमचे भरून पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवायचं, दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतायचं आणि हलवत राहायचं. सात-आठ मिनिटं शिजलं की कच्चट वास जातो. मग चिमूटभर मीठ, सुंठ आणि सुपारीएवढा गूळ. खाली उतरवून जरा निवलं की कपभर दूध, नाहीतर दूध फाटतं. वर चमचाभर तूप. कोमटच द्यायचं. पिठाचे सहा-सात आणि दुधाचे पाच-सहा असे बारा ग्रॅम एका वाडग्यात होतात.

पहिल्या दिवशी दिलं तेव्हा आण्णांनी दोन घोट घेऊन वाडगा खाली ठेवला. मला वाटलं, हेही गेलं. तर म्हणाले, "आई नांगरटीच्या दिसात असंच आणायची शेतात," आणि परत उचलला.